लाल थुंकी आणि दहा चिंचोके

सातवीत शाळा सुटली आणि पुढं मी कोकणातून सोलापुरात आलो, सूत रंगवायच्या कारखान्यात. राहायला एका तेलुगू विणकराच्या घरी. घरातल्या बाईंना मी अक्का म्हणायचो. त्यांची दीड वर्षांची लेक माझ्या मांडीवर बसूनच जेवायची.

कामाला लागून आठवडा झाला नाही तोच खोकल्यातून लाल पडलं. गावी काका क्षयानं गेले, त्यांचं असंच सुरू झालं होतं. मी पेला वेगळा केला. पोर जवळ आली की भिंतीकडं तोंड करून बसायचो.

"लेकरू रडतंय, अन् तू भिंतीला बघतोस व्हय रे?" म्हणत अक्कांनी मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दहा चिंचोके मांडले. "हे तुझ्यासारखे खोकणारे दहा जण समज. यातले क्षयाचे किती?"

"दहाच्या दहा."

"मग माझ्याकडं कशाला आलास?" त्या हसल्या. "संध्याकाळी ताप?"

"नाही." दोन चिंचोके पलीकडं गेले.

"भूक?"

"भाकरी थापून माझे हात दुखत्यात की!" अक्का म्हणाल्या. आणखी दोन गेले.

काकांच्या अंथरुणात झोपायचो, हे मी सांगितलं. बाईंनी एक परत अलीकडं ओढला.

"पण बाई, लाल पडतंय त्याचं काय?"

"सध्या कुठला रंग चाललाय कारखान्यात?"

"लालच."

"मग लाल पडण्यानं काय कळणार? तिथं रंगाची पूड नाकातोंडात जाऊन धडधाकट माणूसही लालच थुंकेल. दुसरा रंग कधी लावणार?"

"सोमवारी. हिरवा."

"हिरव्यात काम करून लाल पडलं, तर मीही घाबरेन. तेव्हा ये."

गुरुवारी सकाळी खोकलो, ते हिरवंगार. कागदात घेऊन पळतच दवाखान्यात गेलो. बाईंनी भराभर चिंचोके पलीकडं सरकवले. एक मात्र ठेवला आणि थुंकी तपासायला पाठवली. तिच्यातही काही निघालं नाही, तरी तो चिंचोका त्यांनी टाकला नाही. माझ्या हातावर ठेवला.

"तोंडाला फडकं बांधून काम कर. महिनाभरात खोकला गेला नाही, तर हा घेऊन परत ये."

घरी येऊन टेकतोय तोच पोरीनं मांडीवर चढून खिशात हात घातला आणि चिंचोका थेट तोंडात टाकला. घाबरून मी बोट घालून तो बाहेर काढला. मग ध्यानात आलं, इतक्या दिवसांनी तिला हात लावला होता. ती मांडीवरच बसलेली, गळा काढून रडत होती.

अक्कांनी ताट आणून पुढ्यात ठेवलं. "भरव आता तिला."