वरातीतली जमात

बँडवाल्याचं पोट दुसऱ्याच्या मांडवात भरतं, त्यामुळं त्याची नमाजही दुसऱ्याच्याच अंगणात होते. कधी उसाच्या बांधावर, कधी मंगल कार्यालयात आचाऱ्याच्या चुलाणामागं, कधी नवरदेवाच्या घोड्याशेजारी. घरात पढलेल्या नमाजेचा किस्सा होत नाही. बाहेर पढली की होतो. आमच्या बँडात तर इतके साठलेत, की टेम्पो गावाबाहेर पडायच्या आत कुणीतरी एक काढतंच.

आमचा बँड साताऱ्याचा. मालक माझा मोठा भाऊ, हसन. होता. क्लॅरिनेट वाजवत वरातीत पुढं चालायचा आणि नमाजेची वेळ झाली की तिथंही पुढं तोच उभा राहायचा. त्याच्या मागं ट्रंपेटवाले बाबूचाचा, चाचांच्या शेजारी मी, मग बाकीचे. मी खुळखुळे वाजवतो. आठवीत शाळा सुटली तेव्हा भाईनं ते माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "ह्याला अक्कल लागत नाही, तुला जमेल."

यंदा ऐन लग्नसराईत भाईच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेताना रिक्षातच गेला. माझ्या मांडीवर डोकं होतं. त्यानंतर आमची जमातच, म्हणजे एकत्र नमाजेची रांगच, उभी राहीना. जो तो आपला कोपरा धरून पढायचा. मी तर जनाज्याच्या नमाजेनंतर पढलोच नाही. राग होता. कुणाचा ते विचारू नका.

बाबूचाचा म्हणायचे, "नमाजेला फुटलेला बँड वाजवायलाबी फुटतो." आणि फुटायच्या बेतात होताच. दोघंजण दुसऱ्या बँडात विचारून आले होते. म्हणून चाचा टेम्पोत मुद्दाम भाईचेच किस्से काढायचे. सगळे हसायचे. मीही हसायचो, मग तोंड खिडकीकडं करायचो.

*

गोरज मुहूर्त ही आमची खरी परीक्षा. सूर्य बुडताना अक्षता पडतात आणि त्याच घटकेला मगरिबची नमाज लागते. अक्षता पडल्या की बँड वाजलाच पाहिजे, आणि मगरिब काही वाट बघत नाही.

कराडकडं एका लग्नात नवरीच्या मामीनं स्वतः रचलेली मंगलाष्टकं गायला घेतली. त्यात सगळ्या भावकीची नावं गुंफलेली. नावं संपेनात. भाई आभाळाकडं बघतोय, गुरुजी भाईकडं बघतायत. शेवटी गुरुजींनी माईक हळूच आपल्याकडं ओढला. "मामी, राहिलेली मंडळी पंगतीला घेऊ."

अक्षता पडल्या, बँड वाजला आणि भाई आम्हाला घेऊन मांडवामागं पळाला. नमाज झाली, तर तिथंच गुरुजी चहा घेत उभे.

"हसनभाई, गाठली का वेळ?"

"गाठली, गुरुजी."

"मग मुहूर्तही गाठला म्हणायचा. घड्याळ आपलं दोघांचं एकच आहे हो."

पुढं ते गुरुजी गोरज मुहूर्त काढायच्या आधी यजमानाला विचारायचे, "बँड कुणाचा सांगितलाय?"

*

सांगलीत एका जैन व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. दुपारची नमाज कुठं पढायची म्हणून भाईनं शेटजींना जागा विचारली. शेटजी मोठ्या मनाचे. म्हणाले, "रस्त्यावर कशाला? गोडाऊन रिकामं हाय, सावली हाय, कोण येत न्हाई."

गोडाऊन हळदीचं होतं. पोती आदल्या दिवशी हलवलेली, पण फरशीवर हळदीचा थर तसाच. आमच्याकडं दोन चादरी आणि माणसं ढीगभर. मागच्या रांगेला चादरच पुरली नाही.

बाहेर आलो तेव्हा मागच्या रांगेची कपाळं पिवळी, नाकं पिवळी आणि पांढऱ्या पॅंटींचे गुडघे पिवळे. झटकावं तर आणखी पसरायची. तशीच वरात काढली. शेटजींच्या आईंनी दारातून बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, नवऱ्या पोरापरास हळद ह्यांनाच जास्त लागलीया. बघ बाई, ह्यातलं लगीन नक्की कुणाचं?"

भाईनं वाजवायचं थांबवून त्यांना हात जोडले. "आजी, आमची सगळ्यांची झाल्यात. ह्या धाकट्याचं तेवढं बघा."

आजींनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आधी तोंड धुऊन घिऊन ये."

*

वाजवताना भाईची एकच खूण होती. दोन्ही हात वर गेले की सगळी वाद्यं बंद.

कोरेगावकडं वरात रंगलेली, नवरदेवाचे मित्र बेभान नाचतायत आणि असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, वेळ टळायला आली. भाईनं पोपटला सांगितलं, "ढोल चालू ठेव, आम्ही एवढ्यात आलो." पोपट आमचा ढोलवाला. जातीनं मराठा, आमच्यात लहानाचा मोठा झालेला. रस्त्याकडेला मोकळं रान होतं, तिथं आम्ही रांग धरली. भाई पुढं उभा राहिला आणि नमाज बांधायला त्यानं दोन्ही हात कानापर्यंत वर नेले.

ढोल बंद. ताशा बंद. सगळी वरात बंद.

मागं गलका सुरू झाला. पोपट म्हणत होता, "मालकानं हात वर क्येला, आमी थांबलो." आणि मालकाला तर आता बोलताही येईना, मागं बघताही येईना. नवरदेवाचे चुलते फौजेतले रिटायर सुभेदार. ते तरातरा आमच्याकडं आले, रांग बघितली, जागच्या जागी थबकले आणि तसेच मागं फिरले. वरातीसमोर उभं राहून त्यांनी हुकूम सोडला, "दोन मिनटं शांतता."

सुभेदारांचा आवाज तो. सगळी वरात माना खाली घालून उभी. नाचणाऱ्यांनी डोक्याचे फेटेसुद्धा काढले.

आमची नमाज होईस्तोवर नवरदेव घोड्यावरून उतरला होता. तो भाईजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कोण गेलं वो?"

*

मग सगळ्यांकडं स्मार्टफोन आले. त्यात किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, दाखवणारं होकायंत्र. भाईला त्याचं भारी कौतुक. बाबूचाचा म्हणायचे, "आपल्या मुलखात मावळतीला तोंड केलं की झालं. यंत्र कशाला?" पण भाई ऐकतोय कुठला.

एकदा माणच्या माळावर टेम्पो थांबवला. भाईनं आमच्या स्पीकरच्या गाडीवर मोबाईल ठेवला आणि बाणाकडं बोट केलं. "असं." आम्ही तसे उभे राहिलो. चाचा पुटपुटले, "सूर्य माझ्या डाव्या कानाला लागतोय." भाई म्हणाला, "चाचा, यंत्र खोटं बोलत नाही."

नमाज झाली. शेजारी शेळ्या राखणारी म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "आवं, दर साली हितंच थांबता, दर साली मावळतीला हात बांधता. औंदा म्हसोबाला कसं काय वळला?"

भाईनं मोबाईल उचलून हातात धरला, तर बाण गर्रकन फिरला. स्पीकरमध्ये हे मोठाले चुंबक. बाण बिचारा त्यांच्याकडं बघत बसलेला.

नमाज परत पढली. चाचा तर कळत असूनही दोन्ही वेळेला पढले, वर म्हातारीला म्हणाले, "मावशी, म्हसोबाला सांगा, चुकून झालं."

"त्याला कळतंय," म्हातारी म्हणाली. "तुमचं तुमी बगा."

*

हा माझा किस्सा. शिरवळला हायवेच्या हॉटेलामागं आम्ही मगरिब पढत होतो. एक पोरगा मोबाईल धरून आमचं शूटिंग करायला लागला. हल्ली कोण कशाचं शूटिंग करून कुठं टाकेल, सांगता येत नाही. माझं डोकं फिरलं. नमाज तोडून मी थेट त्याची कॉलर धरली.

"कशाला काढतोस रं?"

पोरगा टेम्पोकडं बोट करत म्हणाला, "दादा, टेम्पोवरचा नंबर घेतोय. बहिणीचं लगीन हाय."

नमाज संपवून भाई आला. त्यानं आधी पोराची कॉलर नीट केली, मग त्याला चहा पाजला आणि लग्नाची तारीख विचारली. टेम्पोत बसताना मला म्हणाला, "बँडवाल्यानं कॉलर धरून सुपारी आणलेली मी पहिल्यांदाच बघितली."

त्या लग्नात तो पोरगा पूर्णवेळ माझ्यापासून लांब नाचत होता.

*

भाईनं घेतलेली एकच सुपारी राहिली होती, वडूजची. दुखवटा संपल्यावर बाकीच्या आम्ही वाजवल्या होत्या, ही शेवटची. जे दोघं दुसऱ्या बँडात निघाले होते, ते म्हणाले, "हसनभाईनं शब्द दिलाय, तेवढं वाजवतो. मग बघू." त्या दिवशी टेम्पोत किस्सा कुणीच काढला नाही, चाचांनीही नाही.

असरची वेळ झाली. कार्यालयामागं लिंबाखाली पोपटनं भाई असताना अंथरायचा तशा चादरी अंथरल्या. पुढं एक, मागं लांब. माणसं मागच्या चादरीवर उभी राहिली. पुढं कुणी जाईना.

"चाचा, तुम्ही व्हा," एकजण म्हणाला.

"माझ्या गुडघ्यांनी पुढं कोण जातंय? बसलो तर उठवायला पोपट लागतो."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी झाडाला टेकून उभा होतो. म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. मी पढत नाही."

"म्हाईत हाय," चाचा म्हणाले. "आमी काय म्हणलो का?"

आणि सगळे तसेच उभे राहिले. कुणी आग्रह करेना, कुणी आपापल्या कोपऱ्यात जाईना. ते दोघंही हलले नाहीत. आतून लग्नघरचा माणूस आला, "वाजवणार हाय का न्हाई?" पोपटनं त्याला दारातच अडवलं. "जरा दम धरा, पाव्हणं."

मी काय विचार केला, मला आठवत नाही. विचार करून मी काहीच करत नाही. गेलो आणि पुढं उभा राहिलो.

असरमध्ये इमाम मनातल्या मनात पढतो, ते एक बरं. नाहीतर माझं काय चाललंय ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं. असरला चार रकाती, म्हणजे उभं राहून वाकायच्या-टेकायच्या चार फेऱ्या. पहिल्या रकातेत ठीक होतो. नंतर भाईची पाठ दिसायला लागली, घामानं भिजलेली, गणवेशाची शिवण उसवलेली. मी किती वेळ उभा राहिलो, कधी वाकलो, किती वेळा उठलो, मला काही पत्ता नाही. इमाम चुकला की मागच्यानं "सुब्हानल्लाह" म्हणून सावध करायचं असतं. मागून आवाज आला नाही. चाचांचे गुडघे तेवढे प्रत्येक वेळी वाजत होते.

नमाज संपवणारा सलाम फिरवला आणि तोंड पुसून मागं वळलो.

"चाचा, बरोबर झाली का?"

चाचांनी दुसरीकडं बघितलं. "आमाला काय विचारतोस? आमी तुझ्या मागं हुतो."

पोपट झाडाखाली ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "म्या मोजत हुतो. पाच झाल्या."

चाचांनी पोपटपुढं हात केला आणि त्याला धरून उठले.

"चार आपल्या," ते म्हणाले. "पाचवी हसनची."