आईचं बोलणं, अप्पांचं इंग्रजी

कुंभकोणम् स्टेशनवर आई शेवटचं बोलली ते डब्याबद्दल. दहीभात आधी खा, चिंचभात टिकेल, एवढंच. अप्पा दर आठवड्याला पत्र लिहायचं बजावत होते, तेही इंग्रजीत. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ती लिहिता कुणालाच येत नव्हती. तमिळ बाहेरची. पत्र इंग्रजीतच शोभतं, हा कचेरीत जन्म काढलेल्या अप्पांचा हट्ट.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. कलकत्त्याला तागाच्या गोण्या अर्जेंटिनाला धाडणाऱ्या एका कंपनीत साहेबांची इंग्रजी पत्रं मी तिथेच शिकलेल्या स्पॅनिशमध्ये उतरवत असे. 'कीप' या क्रियापदानं तर माझा छळ मांडला होता. माल राखून ठेवा, शब्द पाळा, भाव टिकवा, नमुना तुमच्याकडेच राहू द्या. इंग्रजीला सगळीकडे तेच चालतं, स्पॅनिशला दर वेळी वेगळं क्रियापद लागतं. म्हातारे हेडक्लार्क म्हणायचे, कोश नंतर उघड, आधी कोण कुणाला म्हणतंय ते बघ. मी त्यात तरबेज झालो आणि त्याची मला भलतीच घमेंड होती.

अप्पांचं पत्र मात्र वाचून खिशात घालायचो. आई आशीर्वाद कळवते, प्रकृतीस जप. दोन वर्षं तेच. दिवाळीची रजा मी कामापायी सोडून दिली.

मग तार आली. पोचलो तेव्हा आईचं सगळं उरकलं होतं. बहिणीनं सांगितलं, अप्पा शुक्रवारी लिहायला बसले की आई भिंतीला टेकून म्हणायची, "अस्कं काम सोडून एकदां येऊन जा म्हणून लिहा. मला आतां होत नाहीं." सगळ्याला आम्ही अस्कं म्हणतो. अप्पा मान हलवायचे आणि आशीर्वाद लिहायचे. नोकरीतल्या मुलाला घरचं दुखणं कळवायचं नाही, ही त्यांची रीत. अन् त्या पत्रात कोण बोलतंय, हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी अप्पांनी हळूच विचारलं, "माझ्या पत्रांत चूक असायची काय रे?"

आईचे शब्द का गाळलेत, असं संतापून विचारणार होतो. त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणालो, "नाही अप्पा. एकही नसायची."

पुढे मी देवनागरी गिरवली, मुलांच्या पाटीवर, चाळिशीत. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर कुंभकोणम् सांगतो. खरं तर आई भिंतीला टेकून जे सांगत होती तेच माझं घर, आणि तिथे मी वेळेवर पोचलो नाही.