बुवांचं बोट

मी माणसाला लवकर माफ करत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवणार नाही.

आमचं गाव साखऱ्याच्या बाजूला. घरी पंधरा-वीस शेळ्या, थोडी मेंढरं आणि पावसावरची जमीन. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांना अक्षरओळख नाही, आईलाही नाही. बारावीनंतर मी सेनगावच्या कॉलेजात जायला लागले, भरलेल्या जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर दप्तर ठेवून. सुट्टीच्या दिवशी शेळ्यांमागे जायचे तेव्हा बरोबर एक शंभरपानी वही असायची. त्यात मी डोक्यात येईल ते लिहायचे. कोणती शेळी बोरीशिवाय कशाला तोंड लावत नाही. आई जेवताना एकदम गप्प का होते. माणूस एकटा असताना मनातल्या मनात नेमकं कुणाशी बोलतो. लिहिण्याआधी मला वाटायचं की आपल्याला विचार असे येतच नाहीत, आत नुसती गडबड असते. कागदावर उतरलं की कळायचं, अरे, हे तर मला कधीपासून वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तेच पान वाचताना कधी पटायचं, कधी स्वतःचीच चीड यायची. माझं खरं कॉलेज ती वहीच होती.

आता बुवांबद्दल. श्रावणात आमच्या मारुतीच्या देवळात रोज दुपारी पोथी लागते. पोथीला दोघं लागतात. एकजण ओवी वाचून थांबतो, मग शेजारी बसलेला दुसरा त्या ओळीवर बोट ठेवून तिचा अर्थ सांगतो. अर्थ सांगायचे ते बुवा. सत्तरी ओलांडलेली, पांढरंशुभ्र धोतर, खणखणीत आवाज. सोयरीक असो की बांधाचं भांडण, लोक आधी बुवांना विचारत.

एके दिवशी माझी वही ओट्यावर राहिली. मी पाणी घेऊन आले तर बुवा अण्णांशेजारी बसलेले आणि वही त्यांच्या मांडीवर. त्यांनी चार पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं, अगदी पोथीवर ठेवतात तसं, आणि अण्णांना म्हणाले, "पोरगी कोन्या पोराला चिठ्ठ्या लिहून राहिली. पानंच्या पानं भरली. मला तं वाचायची लाज वाटून राहिली."

मी घागर तिथेच टाकली. "खोटं हाय! शेळ्यांचं हाय त्यात समदं!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बुवा खोटं काहून सांगतील?" ते म्हणाले.

आई भाकरी थापत होती, चूल पेटलेलीच होती. अण्णांच्या हातून वही चुलीत गेली. दुसऱ्या दिवसापासून सेनगावची जीप माझ्याशिवाय जायला लागली. त्यानंतर दोन वर्षं मी शेळ्या राखल्या आणि डोक्यात एकच प्रश्न राखला. बुवांनी वाचलं, तर मग खोटं का सांगितलं? मी त्यांचं काय वाकडं केलं होतं?

तिसऱ्या वर्षी पोथी वाचणारे आजोबा लेकीच्या गावी, डोंगरकड्याला, राहायला गेले. पोथीतली जुन्या ठशाची अक्षरं गावात कुणाला धड वाचता येईनात. अण्णांनी माझं नाव सुचवलं. पोरगी शिकलेली आहे याचा त्यांना त्या दिवशी अभिमान होता म्हणे. बुवा म्हणाले, "बसू द्या. वाचायला काय लागतंय, नुसतं तोंड. अर्थ माझ्यापाशी हाय."

मी लगेच हो म्हणाले. भक्ती वगैरे काही नव्हती. या माणसाच्या शेजारी महिनाभर बसायला मिळालं तर कधीतरी डाव साधता येईल, एवढाच माझा हिशोब.

आमची पोथी सुट्या पानांची, तांबड्या फडक्यात बांधलेली. आठव्या का नवव्या दिवशी वाऱ्याने पानं उडाली. मी घाईने गोळा करून लावली, त्यात एक पान उलटं बसलं, मथळा खाली. माझ्या लक्षात आलं तेव्हा ओवी सुरू झाली होती. लहानपणापासून ऐकून ती मला पाठ होती, म्हणून मी तशीच पुढे म्हणत गेले. ओवी संपली. बुवांचं बोट आलं, उलट्या ओळीवर टेकलं आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरलं. अर्थ त्यांनी नेहमीसारखा सुंदर सांगितला.

मग मी खात्री करत गेले. एकदा पुन्हा पान उलटं ठेवलं. एकदा भलत्याच अध्यायाचं ठेवलं आणि पाठ असलेलं म्हटलं. बोट दर वेळी तेवढ्याच विश्वासाने फिरलं. बुवांना एक अक्षर वाचता येत नव्हतं.

कुणाला वाटेल, मला दया आली असेल. छे, राग दुप्पट झाला. वाचून खोटं बोलणाऱ्याचं निदान काही कारण तरी असतं. याने न वाचताच माझी वही जाळायला लावली होती.

समाप्तीपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. त्या दुपारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, सेनगावहून पाहुणेही आलेले. त्यांच्यातलेच एक निवृत्त गुरुजी पुढे बसले होते. मी मुद्दाम उलटं पान लावलं, अर्धा अध्याय म्हटला आणि घशाला हात लावला. "बुवा, माझा गळा बसला. यवढी ओवी तुमीच वाचा."

बुवांनी बोट ठेवलं आणि ओवी म्हटली, एका मात्रेचीही चूक नाही.

"गुरुजी," मी म्हणाले, "बुवांचं बोट कुठं हाय ते जरा बघा बरं."

गुरुजी वाकले, चष्मा सारखा केला आणि बोलून गेले, "बुवा, पान तं उलटं हाय."

मागून कुणीतरी हसलं, मग बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला आनंद झाला, अगदी पोटभर. बुवा चाचरत म्हणाले, "पाठ हाय मला. वाचायची काय गरज?"

तेवढ्यात खांबाला टेकलेले अण्णा उभे राहिले. "मंग माझ्या पोरीच्या वहीत काय वाचलं व्हतं तुमी?"

बुवांचं बोट अजून पानावरच होतं. "तरनी पोरगी यवढं लिहिती," ते म्हणाले. "दुसरं काय लिहिनार?"

पुढच्या श्रावणापासून बुवा देवळात आले नाहीत. आता मी एकटीच वाचते आणि लोक पेंगतात. बायका मला तोंडावर सांगतात की तू पोथीतला अर्थ घालवला. खरं आहे ते. बुवांसारखा अर्थ मला सांगता येत नाही. हे लिहितानाही माझे दात आवळले जातात, पण त्या माणसाने नुसतं ऐकून ऐकून अख्ख्या पोथीचा विचार केला होता, आणि मी ती घडाघडा वाचूनही केलेला नाही.

समाप्तीनंतर आठवड्याने अण्णा सेनगावच्या बाजारातून जाडजूड वही घेऊन आले. "लिही परत तेच. आपुन दुबार पेरनी करत न्हाई का?"

मी बसले. एक पानही आठवेना. लिहून ठेवलंय या भरवशावर मी ते डोक्यात ठेवलंच नव्हतं. बुवांची पोथी कुणी चुलीत घातली असती, तर त्यांनी ती दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून म्हणून दाखवली असती. कोणती शेळी बोरी खायची, एवढंच माझ्याजवळ उरलं होतं.

तरी मी लिहिलं. दोन दिवसांनी अण्णांनी वही हातात घेतली, पानावरून जपून हात फिरवला. तोंडावर नुसतं कौतुक. पहिल्या पानावर बुवा होते. दुसऱ्यावर अण्णा होते, माझी वही चुलीत घालताना.

"शेळ्यांचंच हाय ना समदं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.