आईची पत

माझ्या वडिलांनी आईला जन्मात एकदाच कर्ज काढायला लावलं असतं, तर मी ते विसरूनही गेले असते. पण त्यांनी ते वर्षातून दोनदा लावलं, आणि तेही कपाटात पैसे असताना.

आम्ही अमरावतीला राहत होतो. वडील वकील, वय बेचाळीस, जेवायला बसले की भाकरी थापता थापता आईचे हात दुखायचे. अशा माणसाच्या मरणाची तयारी कोणी करत नाही. ती त्यांनी स्वतःच सुरू केली, आणि त्याला कारण अकोल्याचं झालं.

अकोल्याला त्यांचे एक वकील मित्र अचानक वारले. वडील बडनेऱ्याला गाडी बदलून भेटायला गेले आणि दोन दिवसांनी परत आले. रात्री जेवताना आईला म्हणाले, "वहिनीकडे दाणे नाईत घरात."

"काहून? इतकं कमावलं त्यांनी!"

"कमावलं, पण सारं त्यांच्या नावावर. कोर्टातून वारसाचा दाखला निघेपर्यंत पैशाले हात लावता येत नाई. वाण्यानं तेराव्या दिवशीच उधारी बंद केली. म्हणे, खातं साहेबांचं होतं, साहेब गेले. वहिनीले तो वीस वर्षांपासून ओळखते, पण तिची पत चार आण्याची नाई."

आई हळहळली आणि भाजी वाढायला उठली. आपल्यापर्यंत हे येणार आहे, असं तिला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी फर्मान काढलं. कापूस बाजाराजवळ एका सेठची पेढी होती, तिथे जाऊन आईनं स्वतःच्या नावानं पंचवीस रुपये कर्ज काढायचं. आईला आधी थट्टा वाटली. थट्टा नाही म्हटल्यावर तिनं पोळपाट खाली ठेवला.

"आपल्या घरी पैसे नाईत का?"

"आहेत."

"मंग लोक काय म्हणतीन? वकिलाची बायको सावकाराच्या दारात!"

"आज मी जिवंत असताना म्हणतीन तं हसून म्हणतीन. मंग म्हणतीन तं कीव करून. तुले कोणतं चालते?"

मरणाचं असं उघड बोलणं आमच्या घरात कोणाला खपत नसे. आईनं देवापुढे साखर ठेवली, वडिलांच्या तोंडातही कोंबली, आणि तरी शेवटी पाचव्या दिवशी गेली. मी दहा वर्षांची होते. वडील बरोबर होतेच, तरी मलाही नेलं, बहुधा पेढीवर एकटीच बाई बरी दिसत नाही म्हणून.

सेठ गादीवरून अर्धे उठलेच. वडिलांनी कर्जाच्या चिठ्ठीचा मसुदा लिहून आणला होता. त्यावर सरकारी तिकीट लावलं, आईनं खाली सही केली. तिची सही म्हणजे एकेक अक्षर नीट बसवून मग पुढचं. सेठनं कागद पाहिला आणि विचारलं, "वकीलसाब, जामीन म्हणून तुमची सही?"

"माझी नाई. मी नाईच असं समजा."

"राम राम! काय बोलून राहिले तुमी?"

"धंद्याचं बोलून राहिलो. बाईच्या सहीवर देता का पैसे?"

सेठनं दिले. मला वाटतं, वकिलाला नाराज करायची त्यांची छाती नव्हती. आईनं ते रुपये पदराच्या गाठीत बांधले आणि घरी येऊन डब्यात टाकले, पण तिला चैन पडेना. घरात कर्ज आहे म्हणून तिला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी वडील कचेरीत गेल्याबरोबर ती मला घेऊन निघाली आणि पंचवीसच्या पंचवीस रुपये सेठपुढे ठेवून मोकळी झाली. सेठ म्हणाले, "तीन दिवसांचं व्याज काय घेऊ, बाई? राहू द्या." आई खूष होऊन घरी आली.

वडिलांनी कपाळावर हात मारला. "अवं, त्यानं व्याज घेतलं नाई म्हणजे तुले पाहुणी समजलं! गिऱ्हाईक नाई समजलं. सारी मेहनत पाण्यात."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पंचवीस रुपये, पुन्हा डब्यात. या वेळी मात्र तिनं महिन्याची मुदत पाळायचं ठरवलं. भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढायची. वीस रेघा झाल्या आणि तिचा धीर सुटला. आम्ही पेढीवर गेलो. मुनीम म्हणाला, शेकडा बारा आणे दरानं महिन्याचे तीन आणे झाले.

"महिना कुठे झाला?" आई म्हणाली. "वीस दिवस झाले. दोन आणे."

"बाई, पेढीवर महिन्याचा हिशोब असते."

"मंग हे पैसे अजून दहा दिवस माझ्यापाशीच राहू द्या, मी दहा दिवसांनी आणून देते."

मुनीम सेठकडे बघू लागला. सेठ मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "दोन आणे घे." ही बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. वडिलांनी त्या संध्याकाळी जिलबी आणली आणि जो भेटेल त्याला दोन आण्यांची गोष्ट सांगत सुटले. आई लटकंच रागावली, पण जिलबी तिनंही खाल्ली.

मग ते दरवर्षी दोनदा ठरलेलंच झालं. पुढेपुढे आई रक्कम स्वतः ठरवू लागली. कापसाच्या हंगामात व्याजाचा कोणता दर असतो, तेही तिला वडिलांपेक्षा जास्त कळायचं. तरी दर वेळी निघताना कुरकूर असायचीच. "माणूस धडधाकट, आणि माझे नसते उपद्व्याप."

आठ वर्षांनी धडधाकट माणूस चार दिवसांच्या तापात गेला.

मी मॅट्रिक झाले होते आणि कॉलेजात नाव घालायला पंधरा दिवस उरले होते. कपाटातले पैसे तेराव्यापर्यंत संपले होते, बाकीचे वडिलांच्या नावावर होते. काका म्हणाले, वारसाचा दाखला यायला सहा महिने लागतील, पोरीनं एक वर्ष थांबावं, नाहीतरी लग्न करायचंच आहे. काका वाईट नव्हते, म्हणून तर त्यांना नाही म्हणणं कठीण होतं. मला माहीत होतं, त्या एका वर्षातून मी परत निघणार नाही.

वडिलांना जाऊन अजून महिनाभरही झाला नव्हता, तरी आई बाहेर पडली. लोक बघत होते, तिनं बघितलं नाही. काका मागोमाग आले, मी होतेच. पेढीवर तिनं दीडशे रुपये मागितले. काका घाईनं म्हणाले, "जामीन मी राहतो."

सेठनं त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "जामीन काहून? बाईचा व्यवहार मी आठ वर्षं पाहून राहिलो." आणि मुनीमाला म्हणाले, "मोज."

घरी येऊन आईनं पैसे माझ्या हातात दिले. वडील गेल्यापासून ती लोकांसमोर रडली नव्हती. आता चुलीपुढच्या पाटावर बसली आणि तिला हुंदका आवरेना. मी म्हटलं, "आई, मिळाले ना पैसे?"

"मिळाले वं. त्यायचं खरं होतं. पहिल्यांदा कर्ज काढाले लावलं तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. तुले माहीत नाई, तू लहान होती." तिनं पदर तोंडाला लावला. "ते चार दिवस आता कोण देईन मले?"