आंब्याची साल आणि दोन दिवस

साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती धरणे हे माझ्यासारखीला धार्ष्ट्यच वाटते. वाचकांनी ते पोटात घालावे.

लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात रत्नागिरीस सासरी आम्ही आंब्याची अढी लावली. तिसऱ्या दिवशी माझ्या पापण्या सुजल्या आणि हातांवर पाण्याचे फोड आले. यजमान मुंबईस नोकरीवर होते.

"चिकानं झालं असेल," मी चाचरत म्हणाले.

"चीक मलाही पोळतो गो! पण लगेच, आणि लागेल तिथंच. तुझे डोळे कधी अढीत शिरले?" सासूबाई म्हणाल्या. "हे रक्तातलं दिसतंय. माहेरी केळशीस जा. बरी झालीस की आणू."

केळशीस आमच्या शेजारी अशाच बोलीवर माहेरी धाडलेली एक लेक होती. तिला न्यायला कोणी आले नव्हते.

मामंजींनी आधी डॉक्टरांना बोलावले. लहानपणी मुरगळलेल्या घोट्यावर बिबा लावला होता आणि तो उतला होता, हे डॉक्टरांनी मला विचारून काढले.

"कोलंबी खाऊन गांध उठते ती घटकाभरात," ते म्हणाले. "ही जात निराळी, सावकाश चालणारी. बिबा, काजू, आंबा एकाच कुळातले. अंगानं एकाशी वैर धरलं की त्याच्या भावंडांनाही ते सोडत नाही. आणि हाताचा चीक नकळत पापण्यांना लागतोच."

त्यांनी आंब्याच्या सालीचा तुकडा माझ्या दंडावर बांधला.

"माझ्याही बांधा," सासूबाई म्हणाल्या. "सोक्षमोक्ष होऊ दे."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या सोडल्या, तर दोन्ही दंड स्वच्छ! सासूबाईंनी माझी ट्रंक ओटीवर आणून ठेवली.

"डॉक्टर दोन दिवस म्हणालेत," मामंजी शांतपणे म्हणाले. "उद्यापर्यंत थांबा."

तिसऱ्या दिवशी पहाटे दंडाला खाज सुटली. सालीच्या आकाराचा लाल चट्टा उठून त्यावर बारीक पुरळ आले होते. मी धावतच माजघरात गेले.

"खाज सुटली म्हणून कोणी एवढं हसतं?" असे म्हणत सासूबाईंनी स्वतःचा दंड उजेडात धरला. तो स्वच्छच होता. मग त्यांनी ट्रंक आत नेली. त्यानंतर माझ्यासाठी आंबा सोलायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमची सून सालीला भिते हो!" असे सांगायचेही.

तेवढे दोन दिवस प्रत्येक सुनेला मिळत असतील असे मला वाटत नाही. तुमच्या घरी अशा वेळी "थांबा" कोण म्हणते?