नारळ फेकताना डावा पाय

मी जे खोटे बोललो ते एकच वाक्य होते. ते बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही, हेच आता जास्त खुपते.

कापसाच्या तेजीचे दिवस होते ते. दूरदेशी कुठे लढाई लागली म्हणे, आणि इकडे अकोल्यात रुईचे ढीग लागले. घरची शेती भावांवर टाकून मी अमरावतीकडून आलो आणि कापसाच्या एका आवारात बोजे उचलू लागलो. पहिल्याच आठवड्यात कंबर धरली. आमच्यात एक तेलंगी होता, आगगाडीच्या लोखंडी रस्त्याच्या मातीकामावर आलेला आणि मग इथेच राहिलेला. त्याला आमची बोली येत नव्हती, आम्हाला त्याची. माझे वाकडे उचलणे त्याने दोन दिवस पाहिले. तिसऱ्या दिवशी तो माझ्यापुढे खाली बसला, माझा डावा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि पाऊल वीतभर पुढे सरकवले. मग कमरेवर थाप मारली. बोजा उचलला गेला. कंबर पुन्हा दुखली नाही.

धुळवडीला आमच्या आवाराची शेजारच्या आवाराशी नारळ फेकायची पैज असे. फाटकापासून ओढ्यापलीकडच्या मारुतीपर्यंत नारळ बारा फेकींत पोचवायचा, तिघांनी आळीपाळीने. दोन वर्षे मी आमच्यातला पहिला फेकणारा होतो आणि त्याचा मला भारी तोरा होता. त्या वर्षी आवाराच्या मुकादमाने तेलंग्याला तिघांत घेतले. त्याचे दंड पाहून लोक म्हणू लागले, "हा गडी तुले मांगं टाकते लेका." तेलंगी मात्र खुशीत होता. इतकी वर्षे तो सगळ्यांपासून लांब बसून भाकर खायचा. आता त्याला कोणी तरी आपल्यात बोलावले होते. मुकादमाने त्याला शिकवायचे काम माझ्यावर टाकले.

नारळ हाताने फेकला जातो असे बघणाऱ्याला वाटते. खरे म्हणजे आधी डावे पाऊल पुढे पडते, मग कंबर वळते, हात सगळ्यात शेवटी. पाऊल चुकले तर सगळा भार खांद्यावर येतो. मी त्याला नारळ धरायचा कसा ते दाखवले, हात मागे न्यायचा कसा ते दाखवले. पायाचे दाखवले नाही. विसरलो नव्हतो. जळत होतो.

आदल्या दिवशी मुकादमाने त्याची फेक पाहिली आणि मला विचारले, "पाय कसा टाकाचा थे सांगतलं काय त्याले?"

"सांगतलं ना," मी म्हणालो. "पन त्याले आपली बोली कुठी समजते?"

मुकादमाला ते पटले. कोणालाही पटले असते.

धुळवडीला त्याची पहिलीच फेक सगळ्यांत लांब गेली. लोक ओरडले. ते ऐकून दुसऱ्या वेळी त्याने होती नव्हती ती ताकद लावली, आणि खांदा निखळला. तो मटकन खाली बसला. त्याच्या उरलेल्या फेकी मी फेकल्या. बाराव्या फेकीला नारळ मारुतीच्या ओट्यावर आदळला आणि फुटला. पैज जिंकली, लोकांनी मला खांद्यावर घेतले. वरून तो दिसत होता, हात छातीशी धरून गर्दीमागून चालत येणारा.

हाड बसवणाऱ्याने तिथेच खांदा बसवला, पण हा हात आता डोक्यावर जायचा नाही असे सांगितले. म्हणजे बोजे संपले. ते त्याला शब्दांवाचून कळले. मला त्याच वेळी मुकादमापाशी जाऊन बोलता आले असते. मी गेलो नाही.

खोबरे वाटायला लागले तेव्हा त्याने एक तुकडा घेतला आणि आधी माझ्याकडे आला. शिकवणारा म्हणून. उजवा हात फडक्यात बांधलेला होता. देवाचा प्रसाद डाव्या हाताने द्यावा लागतो म्हणून तो ओशाळला, आणि मान खाली घालून त्याने खुणेनेच माझी माफी मागितली.

मी तो तुकडा घेतला आणि खाल्लासुद्धा.