कष्टाळूपणाचे पेढे

माझी लेक आठवीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून फोन आला, तिला बक्षीस आहे, संमेलनाला या. कसलं बक्षीस, हे मी विचारलंसुद्धा नाही. आम्ही मूळचे वऱ्हाडातले. विश्रांतवाडीत राहायला आल्यापासून दुसऱ्यांच्या मुलांचे पेढे खातच आलो होतो. मग काय, संमेलनाआधीच मी आमच्या मजल्यावर घरोघर पेढे देऊन आले.

संमेलनात आधी हुशार मुलांची नावं पुकारली, प्रत्येक नावामागोमाग टक्के. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमची शाळा गुणांपेक्षा मेहनतीला मान देते, आणि 'कष्टाळू विद्यार्थिनी' म्हणून माझ्या लेकीचं नाव घेतलं. टक्के काही वाचले नाहीत. मागच्या रांगेतल्या मुली फिसकन हसल्या. लेक मान खाली घालून गेली, ढाल घेऊन आली आणि ओढणीखाली झाकून बसली.

बाईंचा हेतू चांगलाच होता हो. पोरीची मेहनतही खरी होती. गणित डोक्यात शिरेना, तर एकच उदाहरण ती हात दुखेपर्यंत सोडवायची. त्याचं कौतुक व्हायलाच हवं, असं मला आजही वाटतं. पण बाकीच्यांना टक्के आणि हिला शाबासकी, याचा अर्थ पहिलीतल्या पोरालाही कळतो.

परतताना लिफ्टपाशी शेजारच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "पेढे छान होते. टक्के तेवढे सांगायचे राहिले तुमचे." लेक शेजारीच उभी होती.

त्यानंतर तिने अभ्यास सोडला असता, तर मी रागावले तरी असते. तिने सोडला नाही. दार लावून करू लागली, आणि बेल वाजली की पुस्तकं उशीखाली. एकदा मी वैतागून म्हटलं, अभ्यास करतेस की चोरी?

ती शांतपणे म्हणाली, "आई, कोणी विचारलं तर सांग, हुशार आहे, पण अभ्यासच करत नाही."

हे वाक्य आपल्याकडे आया तक्रारीच्या सुरात, पण कौतुकाने म्हणतात. पुढच्या निकालाच्या दिवशी काकूंनी दारात विचारलं, तेव्हा मीही ते म्हटलं. लेक आतून ऐकत होती. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.